घोडीला विचारलं होतं का

घोटीहून आणलेल्या तांदळाला एरंडेल चोळणं हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. दरवर्षी पौषात करायचो. ओट्यावर चादर, चादरीवर तांदूळ, एका अंगाला ती, एका अंगाला मी. हाताला तेल घ्यायचं आणि असं चोळायचं की दाण्यादाण्याला लागलं पाहिजे, पण तांदूळ ओला दिसता कामा नये. माझा हात जड. ती म्हणायची, "घोडीला खरारा करताय का? हळू." त्या दिवशीही म्हणाली. मग आम्ही तांदूळ पत्र्याच्या कोठीत भरला, वर कडुलिंबाचा पाला टाकला, हात धुतले आणि जेवायला बसलो. बाजरीची भाकरी होती आणि वांगं. दुसऱ्या घासाला ती थांबली. छातीच्या मधोमध हात धरला. पाणी प्यायली तर पाणीही वर आलं.

मी म्हणालो, सावकाश जेवत जा, कुठं गाडी पकडायचीय. ती म्हणाली, "सावकाशच गिळला. खाली जातच नाय."

त्यानंतर तिनं भाकरी खाल्ली नाही. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं.

मी कोण

माझं शिक्षण चौथी. नाशिकरोड स्टेशनावरून पंचवटीत यात्रेकरू आणायचे, हा माझा धंदा. टांगा होता. पुढं रिक्षा आल्या आणि टांगे गेले, त्याबद्दल मला रडायचं नाही. पोरं तोवर हाताशी आली होती. मुलगी मंदा नाशिकरोडला शाळेत मास्तरीण. मुलगा सुनील एकलहऱ्याला वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर. बायकोचं नाव द्वारका. ही हकीकत सत्त्याण्णव सालची, म्हणजे आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मंदा म्हणाली, आबा, लिहून काढा, दवाखान्याच्या पायरीवर आज कोणीतरी तुमच्यासारखंच बसलं असेल. म्हणून लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ मंदानं सुधारलं. शब्द माझे हाएत, ते तिला बदलू दिले नाहीत.

कळलं तो दिवस

घशातून दुर्बीण घालून तपासलं आणि तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला नि सुनीलला आत बोलावलं आणि नर्सला म्हणाले, आजींना बाहेर बाकावर बसवा. द्वारका उठलीच नाही. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण ते माझ्याकडं बघून बोलायला लागले. अन्ननलिकेत गाठ आहे, असं आहे, तसं आहे.

ती म्हणाली, "त्यांच्याकडं नका बघू. घसा माझा हाय. कॅन्सर का?"

डॉक्टर म्हणाले, हो.

"बरा व्हतो का?"

 ते म्हणाले, उशीर झाला आहे, पण लाईट देऊ, म्हणजे मशीनचे किरण, थोडं गिळता येईल, त्रास कमी होईल. बरं होईल असं ते म्हणाले नाहीत. आम्ही तिघांनी ते ऐकलं. सुनील बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. ती त्याला म्हणाली, रिक्षा बघ, ऊन चढतंय.

मी काय केलं ते विचाराल तर काहीच नाही. डोक्यात एवढंच येत होतं की आता घरी जाऊन स्वयंपाक कोणासाठी काय करायचा. माणसाला अशा वेळी मोठे विचार येतात असं म्हणतात, मला आले नाहीत.

वॉर्डातली पद्धत

लाईट द्यायच्या दिवसांत वॉर्डात ठेवलं. तिथं एक गोष्ट पहिल्यांदा शिका. सकाळी झाडूवाली मावशी येते तेव्हा आपली चटई, पिशवी, चपला उचलून बाहेर व्हायचं, तिच्याशी हुज्जत घालायची नाही. ती खूष असली तर पाणी गरम मिळतं, बेडपॅन वेळेवर मिळतं. डॉक्टर दिवसातून एकदा येतो, मावशी चार वेळा. ज्याला चार वेळा तोंड दाखवायचं त्याच्याशी गोड राहावं.

दुसरं, पेशंटासमोर खायचं की नाही. मी आधी बाहेर जाऊन वडापाव खायचो, लपून. द्वारकेनं ओळखलं. म्हणाली, "तोंडाला चटणी लागलीय. इथंच खात जा, मला वास तरी घेऊ द्या." मग मी तिच्यासमोर खायचो. ती बघायची आणि विचारायची, मीठ बरोबर हाय का, तिखट हाय का. नातेवाईक माझ्यावर चिडायचे. तिला चालत होतं.

दवाखान्याच्या फाटकापाशी उसाच्या रसाचं दुकान होतं. तो माणूस रुमालात बर्फाचा खडा बांधून द्यायचा, फुकट. ओठाला लावला की तिला बरं वाटायचं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

लाईटनं दोन महिने बरे गेले. पातळ पेज, चहा, मुगाचं कढण उतरायचं. मग परत बंद झालं. मग नाकातून नळी.

नळी

नळी ही वाईट वस्तू नाही, हे आधी सांगतो. वॉर्डात द्वारकेच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिनं नळी घालून घेतली आणि ती घरी गेली, हसत गेली. नळीनं माणसं जगतात. कोणी हे वाचून आपल्या माणसाची नळी काढून टाकली तर ते माझं ऐकलं असं होत नाही.

आमच्या घरी काम असं वाटून घेतलं. सकाळी मंदा दूध घालायची, दुपारी मी कढण गाळून घालायचो, संध्याकाळी सुनील ड्यूटीवरून आला की तो. मोठी पिचकारी, त्यात भरायचं, हळूहळू सोडायचं. जोरात सोडलं की तिला कळ यायची. द्वारका स्वतः पिचकारीकडं बघत बसायची. एकदा म्हणाली, टांग्याच्या चाकाला ग्रीस घालता तसं वाटतं.

दुखणं मात्र वाढत चाललं. डॉक्टरांनी मुंबईहून जहाल गोळ्या मागवून दिल्या. त्यांनी कळ कमी व्हायची आणि झोप लागायची. एक दिवस मी गोळी कुटत होतो, तर ती म्हणाली, "समद्या एकदम घातल्या तर?"

मी म्हणालो, "नाय."

"का?"

"माझ्याच्यानं व्हायचं नाय."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, बरं. पुन्हा तिनं ते विचारलं नाही. आज विचारलं तरी मी तेच सांगेन. का, ते मला धड सांगता येत नाही. तिला कळ होती हे मला दिसत होतं. पण माझ्या हातानं ती जावी, हे माझ्या हाताला कबूल नव्हतं. डॉक्टरांना मात्र मी जाऊन सांगितलं की ती असं म्हणाली. त्यांनी गोळीचा डोस वाढवून दिला आणि म्हणाले, दुखण्यापायी म्हणत असेल तर दुखणं आपण कमी करू. ते कमी झालं. हे मी मुद्दाम लिहितो. तुमचं माणूस असं बोललं तर गप्प बसू नका, डॉक्टरला सांगा.

मग एक दिवस नळी चोंदली. काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, दुसरी घालू, नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून घालू, त्याला ऑपरेशन लागेल. द्वारका म्हणाली, "दोनी नको."

दुखणं तेव्हा ताब्यात होतं. ती शुद्धीत होती, रागात नव्हती. म्हणूनच आम्ही सगळे घाबरलो.

सगळ्यांचे दाखले

रविवारी घरात बैठक बसली. ती आतल्या खोलीत खाटेवर, मधलं दार उघडं. बाहेर मी, सुनील, मंदा, आणि समोरच्या घरातले गुरुजी. गुरुजी म्हणजे कुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, आमच्या टांग्यातून त्यांचे यजमान यायचे, तेव्हापासूनचा घरोबा. विद्वान माणूस.

सुनीलनं सुरुवात केली. तो बहात्तरच्या दुष्काळात जन्मला. आम्ही तेव्हा सिन्नरकडं होतो, द्वारका खडी फोडायच्या कामावर जायची. सरकारची सुकडी मिळायची, ती स्वतः खायची नाही, याच्यासाठी आणायची. लाल मिलोची, त्या रेशनवरच्या परदेशी ज्वारीची भाकरी खाऊन तिनं याला दूध पाजलं. सुनील हे मनानं बोलत नव्हता, तिनंच त्याला शंभर वेळा सांगितलेलं. तो म्हणाला, "घरात दाणा नव्हता तेव्हा तिनं मला उपाशी ठेवलं नाय. आज कोठी भरलेली हाय आणि मी तिला उपाशी मारू?"

 

गुरुजी म्हणाले, सुनील, तू उलट बघतोस. आपल्याकडं प्रायोपवेशन आहे. राजे, ऋषी, कार्य संपलं की अन्नपाणी सोडून देह ठेवत. ते बाणांवर पडून राहिलेले पितामह, त्यांनी मरणाचा दिवस निवडला. समाधी घेणारे संत झाले. याला आत्महत्या म्हणायची नसते, याला वेगळं नाव आहे. द्वारकावहिनी त्या वाटेनं जायचं म्हणत असतील तर आपण अडवणारे कोण.

ऐकायला छान वाटत होतं. मला तर बरंच वाटलं, कारण सगळं ओझं कोणी तरी उचलून राजा-ऋषींच्या खांद्यावर ठेवत होतं. पण मला आमच्या गल्लीतले कापडवाले जैन शेठ आठवले. त्यांच्या आईनं संथारा घेतला होता, गल्लीनं बघितलेलं. परवाच मी त्यांना दुकानात विचारलं होतं, आमच्या हिचं तसंच का? शेठ म्हणाले, "काका, राग मानू नका, तसं नाय. माझ्या आईनं आधी मोह सोडला, महाराजांची आज्ञा घेतली, मग अन्न सोडलं. काकूंना जेवायचंय आणि जात नाय. दोन्ही एका तराजूत नका घालू." सरळ माणूस. हे मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, ते त्यांचं शास्त्र.

 मग मंदा बोलली आणि बैठकीतली हवाच बदलली. म्हणाली, "सती जायच्या त्या बायापण स्वखुशीनं जातात असंच लोक सांगायचे. त्यांच्या नावानं दगड उभे केले, कुंकू वाहिलं. त्यांना खरंच जायचं होतं का घरच्यांना नकोशा झाल्या होत्या, हे कोणी विचारलं? आई नको म्हणते ती तिच्यासाठी की आपल्यासाठी?"

सुनील तिच्यावर ओरडला, आम्ही आईला ढकलतोय असं म्हणायचंय का तुला. ती म्हणाली, मी कोणाला म्हणत नाय, मी भीती सांगतेय.

दवाखान्यात डॉक्टरांनीही मला असंच काही सांगितलं होतं. जर्मनीत एकेकाळी सरकारी डॉक्टरांनीच ठरवलं की अमुक रोगी, अमुक वेडे, अमुक पांगळे जगून काय उपयोग. त्याला त्यांनी दयेचं नाव दिलं, आणि माणसं मारली, पोरंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आम्हाला ते शिकवलेलं आहे, आबा, म्हणून कोणी "सोडवा" म्हणालं की आमचे हात आखडतात. कोर्टात म्हणे तेव्हा यावरच भांडण चाललं होतं, माणसाला मरायचा हक्क आहे की नाही. एक निकाल असा लागला, मग फिरला. मी विचारलं, नळी नको म्हणणं हे मरायचा हक्क मागणं झालं का? ते म्हणाले, माझ्या मते नाही, पण दोन वकिलांना विचाराल तर दोन उत्तरं मिळतील. नळी घालायला मी तयार आहे. त्यांचा नकार असताना हात बांधून घालणार नाही.

म्हणजे बघा. एका घरात, एका बाईच्या नळीसाठी, दुष्काळ आला, राजे आले, संत आले, सती आली, जर्मनी आली. सगळे खरं बोलत होते. कोणीही मूर्ख नव्हतं. आणि मी जितकं ऐकलं तितका मला धीर कमी येत गेला.

घोडी

मी उठून आत गेलो. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं आता आपणही आपला दाखला द्यावा. राजे-ऋषी मला माहीत नाहीत, घोडी माहीत.

आमची चंद्री. घाटाच्या उतारावर पाय घसरून पुढचा पाय मोडला. लोक म्हणाले, गोळी घाल. गोळी सिनेमात घालतात. नाशकात टांगेवाल्याकडं बंदूक कुठली? जनावराचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देतो, शांत होईल. मी देऊ दिलं नाही. चंद्रीला पांजरपोळात ठेवलं, तिथं म्हातारी, लुळी जनावरं शेवटपर्यंत सांभाळतात. मी गूळ घेऊन जायचो. तीन पायांवर उभी राहायची, बसता यायचं नाही, अंगाला जखमा झाल्या. शेवटी गेली. पण आम्ही मारली नाही.

मी द्वारकेला म्हणालो, "चंद्रीला आपण सोडलं नाय. गूळ चारला शेवटपर्यंत. मग तुला कसं सोडू?"

तिचा आवाज तोवर बसला होता, कान जवळ न्यावा लागायचा. पण त्या दिवशी बाहेरच्यांनीसुद्धा ऐकलं.

"घोडीला इचारलं व्हतं का तुम्ही?"

मी म्हणालो, घोडीला कसं विचारणार.

"तिला बोलता येत नव्हतं. मला येतंय. मग समदे घोडीचं, राजाचं, सतीचं कशापायी बोलताय? मला इचारा की."

 गुरुजी थोड्या वेळानं उठून गेले. जाताना दारातून हात जोडले.

विचारलं

मंदाची भीती माझ्या मनातून जात नव्हती. म्हणून पोरांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि खाटेवर बसलो. म्हणालो, आम्हाला त्रास होतो म्हणून म्हणतीस का?

"व्हतो का त्रास?"

खोटं बोलावंसं वाटलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोशी खोटं बोलून पचत नाही. म्हणालो, होतो. सुनील ड्यूटीवर डुलक्या घेतो, मंदाची सासू बोलते.

"मग थोडं त्यापायी हाय," ती म्हणाली. "समदं त्यापायी नाय."

बाकीचं कशापायी, तेही तिनं सांगितलं, थांबत थांबत. घरात पिठल्याची फोडणी बसते, वास नाकात येतो, आणि पोटात जातं पांढरं पाणी. दिवसभर माणसं येऊन नळीकडं बघतात, तोंडाकडं कोणी बघत नाही. नळीनं दिवस वाढतात, पण वाढलेल्या दिवसांत काय करायचं? ती म्हणाली, मरायची हौस नाय. उद्या घसा मोकळा झाला तर अख्खी भाकरी खाईन, ठेचा लावून. पण घसा मोकळा होत नाय, तर मला नाकातून जगवू नका.

मी विचारलं, मन बदललं तर सांगशील? तिनं मान डोलावली. म्हणाली, "तुम्ही इचारत ऱ्हावा. इचारायचं सोडू नका."

तेव्हापासून हे ठरलं. नवी नळी आणून फडताळात ठेवली, कोऱ्या पाकिटात. सकाळी तोंड पुसून झालं की मी ती दाखवायचो आणि विचारायचो, आज घालू का? ती मान हलवायची, नाही. मग ओठ ओले करायचे, चमच्यानं घोट घोट पाणी, जेवढं उतरेल तेवढं, आणि गोळी विरघळवून. सुनील सुरुवातीला या विचारण्याच्या वेळी घराबाहेर जायचा. त्याला वाटायचं हे नाटक आहे, आबा स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी करतात.

एके सकाळी ती हो म्हणाली.

मला वाटलं चुकून मान हलली. परत विचारलं. हो. कारण विचारलं तर म्हणाली, हरसूलहून बहीण यायची हाय, बाजार करून येणार, तिच्याशी बोलायला अंगात ताकद पाहिजे. सुनील पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. नळी घातली, दूध गेलं, कढण गेलं. बहीण आली. दोघी दिवसभर बोलल्या आणि एका जुन्या पातळावरून भांडल्यासुद्धा, ते आईनं कोणाला दिलं होतं म्हणून. बहीण म्हणाली, मरायला टेकलीस तरी माझं पातळ देत नाहीस. दोघी हसल्या, द्वारकेला हसताना ठसका लागला. बहीण परत गेली तेव्हा द्वारका मला म्हणाली, आता काढा.

त्या दिवशी नळी काढताना सुनीलनं तिचा हात धरला होता. त्याला कळलं होतं की हे विचारणं खरं आहे. हो म्हटलं तर घालतात, नको म्हटलं तर काढतात. त्यानंतर संध्याकाळी ओठ ओले करायचं काम त्यानं घेतलं. दुष्काळाचं तो परत बोलला नाही. पटलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता कोणी मला विचारतं, गोळ्या दिल्या नाहीत आणि नळी घातली नाही, यात फरक काय, शेवट तोच. मी विचार करून फरक काढलेला नाही. एका गोष्टीत माझा हात तिला मारायला उठला असता, दुसरीत तिनं माझा हात धरून थांबवला. मला एवढंच समजतं. शिकलेल्यांना जास्त समजत असेल, त्यांनी भांडावं, भांडायला पाहिजेच. जर्मनीसारखं परत होऊ नये म्हणून तर भांडायलाच पाहिजे. पण भांडताना आतल्या खोलीचं दार उघडं ठेवावं.

शेवटचे दिवस

गणपती उठल्यावर ती जास्त झोपायला लागली. दुखलं नाही फार. तोंड कोरडं पडायचं त्याचा त्रास व्हायचा. मंदानं कापसाच्या बोळ्यानं ग्लिसरीन लावायचं शिकून घेतलं होतं. कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची. याला कोणी प्रायोपवेशन म्हणा, कोणी काय म्हणा, आम्हाला ते घरातलं काम होतं. राग पण यायचा. एकदा मी मंदावर ओरडलो, पाणी सांडलं म्हणून. ती उलट ओरडली. द्वारकेनं डोळे उघडून आमच्याकडं बघितलं आणि परत मिटले, जसं आम्ही रोजच भांडतो.

शेवटच्या सकाळीही विचारलं. तिनं मान हलवली, एवढीशी. दुपारी, सगळे घरात असताना, श्वास थांबला. सुनील चहा गाळत होता. संध्याकाळच्या आत अमरधामला नेऊन, अग्नी देऊन आलो.

दुसऱ्या सकाळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीला लागून, मित्रमंडळाचा फळा आहे. गल्लीत कोणी गेलं की त्यावर खडूनं लिहितात, अमुक यांचे निधन, अंत्ययात्रा अमुक वाजता. कोणी पुसत नाही, पुढचं कोणी जाईपर्यंत तसंच राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो. घरात चूल बंद होती, पण पोरांना चहा लागतो. फळ्यासमोर चारपाच बाया उभ्या होत्या. एक तर चपला काढून उभी. मला बघून त्या बाजूला झाल्या. फळ्यावर तिचं नाव, तारीख, आणि खाली गुरुजींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, मला अक्षर लावून वाचायला वेळ लागला. द्वारकाबाईंनी अन्नाचा स्वेच्छेने त्याग करून, प्रायोपवेशनाने, संतांच्या परंपरेनुसार देह ठेवला. त्याखाली कोणी तरी दोन फुलं ठेवली होती, आणि कुंकवाचं बोट ओढलं होतं.

गुरुजींनी प्रेमानं लिहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही. अख्खी रात्र त्यांनीच माझ्याजवळ बसून काढली होती. पण अन्नाचा त्याग तिनं केला नव्हता. अन्नानं तिला सोडलं होतं. आणि आता हे फळ्यावर राहणार. उद्या गल्लीतली दुसरी कोणी आजारी पडेल, ती म्हणेल, मला नळी घाला, मला जगायचंय. तिला घरचे म्हणतील, द्वारकाबाई बघा कशा गेल्या. कोणी तिला विचारणार नाही.

मी गिरणीवाल्याकडून ओलं फडकं मागून घेतलं. नाव आणि तारीख ठेवली. बाकी सगळं पुसलं, कुंकू पण. एक बाई म्हणाली, आबा, अहो काय करताय. गुरुजी तेवढ्यात कुंडावरून अंघोळ करून येत होते, ओल्या पंच्यानं. थांबले. मला वाटलं रागावतील. त्यांनी फळ्याच्या चौकटीवर ठेवलेला खडूचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

लिहायला मला वेळ लागला. फळा ओला होता, खडू नीट उमटत नव्हता. गुरुजी शेजारी उभे राहिले, सांगितलं काही नाही. मी लिहिलं:

अन्ननलिकेच्या कॅन्सरने वारल्या. जेवायची इच्छा होती. गिळता येत नव्हतं. नळी नको म्हणाल्या. आम्ही रोज विचारत होतो.

मग फडकं पिळून परत केलं आणि दूध आणायला गेलो.